ड्रम काढून डिस्क लावावी का?



आमच्या टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी बारमाही असते. कोणी कल्याणहून लोकलने येतो, तर कोणी आपल्या मोटारीने. गेल्या मे महिन्यात माझी ताई, दाजी आणि भाचा असे तिघे नाशिकहून मोटारीने आले. गाडी लहानशी, वापरलेली घेतलेली, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेली. दुपारी बारापर्यंत पोहोचतो म्हणणारी मंडळी अडीच वाजता आली, तीही घामाघूम आणि गप्प. ताईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि एवढेच म्हणाली, "आज गणपतीनेच तारलं रे!"

झाले होते असे. कसाऱ्याचा घाट उतरताना अर्ध्याअधिक उतारावर दाजींनी ब्रेकचे पेडल दाबले, तर ते सरळ खाली गेले. गाडी थांबेना. दाजींनी प्रसंगावधान राखून पेडल भराभर पंप केले, हँडब्रेक थोडाथोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत कशीबशी उभी केली. समोरचा ट्रक चार हातांवर होता.

जेवणे झाल्यावर भाचा मला म्हणाला, "मामा, माझं ठरलंय. मागचे ड्रम काढून टाकायचे आणि तिथे डिस्क बसवायच्या. चारी चाकांना डिस्क असल्या की असं पुन्हा होणार नाही. एक मिस्त्री बसवून देतो म्हणालाय."

भाचा अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याचे म्हणणे ऐकून सोडून देण्यासारखे नव्हते, कारण प्रश्न घरातल्या माणसांच्या जिवाचा होता. मी म्हणालो, "ठीक आहे. पण डॉक्टर आधी रोग ओळखतो आणि मग औषध देतो. आपणही तसेच करू. कागद-पेन्सिल आण."

त्या दुपारी आम्ही ओसरीवर बसून जे गणित मांडले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा कारखाना

धावणाऱ्या गाडीजवळ गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे. गाडी आणि आतली माणसे मिळून वस्तुमान ९०० किलोग्रॅम धरू. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. तर

गतिज ऊर्जा = ½ × ९०० × १६.७ × १६.७ = सुमारे १,२५,००० ज्यूल.

गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी झाली काय? नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती रूप बदलते. ब्रेकमधल्या घर्षणाने तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३० अंशांनी वाढेल. म्हणजे ताशी ६० च्या वेगातून एकदा गाडी थांबवणे हे आंघोळीच्या तांब्याभर पाणी ऊनऊन करण्यासारखे आहे. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० केला, तर ऊर्जा निम्मी होत नाही; ती पाव होते. वेगाच्या वर्गाचा हा प्रताप नीट लक्षात ठेवा.

आता घाटाचे पाहू. इगतपुरी ते कसारा या उतारावर माणूस साधारण ३०० मीटर उंची खाली येतो. ९०० किलोग्रॅमची गाडी एवढी खाली आली, तर तिची स्थितिज ऊर्जा कमी होते ती

९०० × ९.८ × ३०० = सुमारे २६,४६,००० ज्यूल.

मघाच्या आकड्याशी ताडून पाहा. हा आकडा त्याच्या एकवीस पट आहे! घाटात वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे ही सारी ऊर्जा कुठेतरी जिरवली पाहिजे. काही भाग टायर आणि रस्ता यांच्यातला रोध घेतो, काही वारा घेतो. हा भाग चाळीस टक्के धरू. उरलेले सुमारे १५,९०,००० ज्यूल जिरवायचे कोणी? गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन आपला वाटा उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा बोजा एकट्या ब्रेकवर.

पुढच्या दोन डिस्क ३-३ किलोच्या आणि मागचे दोन ड्रम ४-४ किलोचे धरले, तर एकंदर ओतीव लोखंड १४ किलो. एक किलो लोखंडाचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ५०० ज्यूल लागतात. म्हणून १४ किलोला ७,००० ज्यूल. १५,९०,००० भागिले ७,००० म्हणजे २२७. वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे धरले, तर ब्रेकचे तापमान २२७ अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो. पण ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू उतरले की वाराही बेताचाच लागतो.

भाचा म्हणाला, "म्हणजे ब्रेक तापले हे नक्की. पण डिस्क ड्रमपेक्षा लवकर निवते ना? मग माझंच खरं!"

"थांब," मी म्हणालो. "आधी ड्रम आणि डिस्क यांची कुंडली पाहू."

दोन भावंडे

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी पातेले. त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात आणि त्यांना घर्षण करणारे लायनर चिकटवलेले असते. पेडल दाबले की शू फाकतात आणि पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. सायकलच्या रिमला दोन्हीकडून धरणारे ब्रेक तुम्ही रोज वापरता, तत्त्व तेच.

गंमत म्हणजे दोन्ही कल्पना एकाच वेळच्या आहेत. १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला आकार दिला आणि त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण पुढची पन्नास वर्षे मोटारींत राज्य केले ते ड्रमने. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार मोटार जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष डिस्ककडे गेले. १९५५ साली सित्रोएन कंपनीने आपल्या डी. एस. या मोटारीला पुढे डिस्क बसवल्या.

आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी पद्मिनी, म्हणजे मुंबईची ती काळी-पिवळी टॅक्सी, तुमच्या आईवडिलांच्या चांगली ओळखीची. तिच्या चारही चाकांना ड्रम होते, आणि त्याच ब्रेकांवर तिने कितीतरी वर्षे मुंबईची गर्दी आणि पाऊस झेलला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पुढे लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम अशी जोडी रूढ झाली. आजही रस्त्यावरच्या कितीतरी लहान मोटारींत हीच जोडी दिसेल.

डिस्कचे गुण कोणते? एक, ती उघड्यावर असते, म्हणून लवकर निवते. दोन, पावसाचे पाणी तिच्यावरून फेकले जाते. काळू नदीला पूर आला की आमच्याकडे रस्त्यावर पाणी चढते. अशा पाण्यातून गाडी नेली की ड्रमच्या पातेल्यात पाणी शिरते आणि ते सुकेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही. तीन, तापल्यावर ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून पेडल जास्त खाली दाबावे लागते. डिस्क तापली की जाडीने फुगते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच येते.

आणि ड्रमचे गुण? एक मोठा गुण त्याच्या घडणीत लपलेला आहे. लांब काठी तिरपी धरून, टोक पुढे करून, खडबडीत जमिनीवर ढकलत चाला. काठी जमिनीत रुतू पाहते आणि जितके ढकलाल तितकी घट्ट अडकते. तीच काठी मागे फरफटत न्या, निमूटपणे येते. ड्रममधला एक शू असाच रुतणारा असतो. घर्षणच त्याला ड्रमकडे आणखी ओढते. म्हणून ड्रमला पायाचा जोर कमी लागतो. शिवाय तो बंद असल्याने चिखलमाती आत कमी जाते, तो स्वस्त असतो आणि त्याला हँडब्रेक जोडणे अगदी सोपे असते. एक तार ओढली की शू फाकले.

मागची चाके किती काम करतात?

आता मुख्य प्रश्न. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की तुम्ही पुढे झुकता. गाडीचेही तसेच होते. तिचे नाक खाली दबते, शेपूट उचलल्यासारखे होते. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि मागच्यांवरचा तेवढाच कमी होतो.

किती? भाराचा हा बदल म्हणजे ब्रेकचे बल गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर आणि चाकांमधले अंतर २.२ मीटर धरू. भागाकार बरोबर पाव येतो.

गाडीचे एकूण वजन ९०० × ९.८ = ८,८२० न्यूटन. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला, तर टायर जास्तीत जास्त ०.७ × ८,८२० = ६,१७४ न्यूटन एवढेच बल देऊ शकतात. याचा पाव म्हणजे सुमारे १,५४० न्यूटन. गाडी भरलेली असताना पुढे-मागे सारखा, म्हणजे ४,४१० न्यूटन भार होता असे धरू. ब्रेक मारताच पुढे ५,९५० आणि मागे २,८७० न्यूटन. दोन तृतीयांश पुढे, एक तृतीयांश मागे! गाडीत एकटा चालक असेल तर मागचा वाटा पावाहूनही कमी होतो.

मागच्या चाकांवर भारच कमी, म्हणून तिथे घर्षणही कमी. तिथे कितीही जोरकस ब्रेक बसवला, तरी टायर आणि रस्ता यांच्यात जेवढे घर्षण आहे त्याहून जास्त बल मिळणार नाही. फार तर चाक अडकेल आणि टायर घसरेल.

गाडी थांबायला किती अंतर लागेल तेही काढू. ते म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८). ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावर हे अंतर सुमारे २० मीटर येते. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरला तर सुमारे ३५ मीटर. आणि चालकाला धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १६.७ मीटर. या सूत्रात डिस्क की ड्रम हा शब्द कुठे आहे का? नाही! चाक अडकवण्याइतका जोर ब्रेकमध्ये असला, की पुढचा निकाल टायर आणि रस्ता लावतात.

मागची चाके आधी अडकली तर?

"पण मामा, मागे जास्त जोर असला तर बिघडलं कुठे?" भाच्याने विचारले.

मी कपाटावरून शेजारच्या बाळाची खेळण्यातली मोटार काढली. तिची पुढची दोन चाके चिकटपट्टीने पक्की बांधली आणि तिरप्या फळीवरून सोडली. ती घसरत, पण सरळ खाली आली. मग पुढची चाके मोकळी केली आणि मागची बांधली. या वेळी मोटारीने फळीवरच गिरकी घेतली आणि ती शेपूट पुढे करून खाली आली. भाच्याने चार वेळा करून पाहिले, चारही वेळा तेच.

कारण असे. फिरणारे चाक गाडीला बाजूला सरकू देत नाही. अडकलेले चाक मात्र कोणत्याही दिशेला सारख्याच सहजतेने घसरते. मागची चाके अडकली की शेपटाला आधार उरत नाही आणि थोडासा झोक मिळताच गाडी फिरते. म्हणून गाडी बनवणारे अभियंते अशी योजना करतात की पुढची चाके आधी अडकावीत. मागच्या ब्रेककडे जाणारा दाब कमी करणारी एक झडपही पुष्कळ गाड्यांत असते.

आता पास्कलचा नियम आठवा. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. पायाने २०० न्यूटन जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट झाला, तर मास्टर सिलिंडरवर ८०० न्यूटन. त्याच्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. म्हणून दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५५ न्यूटन. मागच्या ड्रमच्या व्हील सिलिंडरचा दट्ट्या १६ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्यावर सुमारे ५१० न्यूटन बल येते. डिस्कला रुतणाऱ्या शूची मदत नसते, म्हणून कॅलिपरचा दट्ट्या मोठा लागतो. तो ४८ मिलिमीटर व्यासाचा घेतला तर बल सुमारे ४,६०० न्यूटन. नऊपट!

ड्रम काढून डिस्क लावणे म्हणजे नुसते पातेले काढून तबकडी बसवणे नव्हे, हे आता लक्षात येईल. दट्ट्याचे माप चुकले तर एकतर मागचा ब्रेक लागणारच नाही, नाहीतर आधी अडकेल. मास्टर सिलिंडर जेवढे तेल ढकलतो तेवढ्यातच चारही चाकांचे भागले पाहिजे. काही गाड्यांत ड्रमच्या नळीत थोडासा दाब कायम राखणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला सतत घासत राहतील आणि ब्रेक तापतील. म्हणजे ज्या रोगावर औषध करायचे तोच रोग जडेल. कॅलिपर धरणारी पट्टी आसाला पक्की बसली पाहिजे, तो चाकाच्या रिममध्ये मावला पाहिजे आणि हँडब्रेकसाठी निराळी यंत्रणा हवी. ही सगळी जुळणी कारखान्यात पुन्हापुन्हा चाचण्या घेऊन ठरते, गल्लीतल्या अंदाजाने नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, ते याच कारणांसाठी.

मग चारी डिस्क असलेल्या मोटारी असतात त्या कशा? त्या मुळातच तशा आखलेल्या असतात. जड, वेगवान मोटारींना मागेही पुष्कळ उष्णता जिरवावी लागते, तिथे डिस्क योग्यच. उलट फोक्सवॅगन कंपनीने २०२० साली आणलेल्या आय. डी. ३ या विजेच्या मोटारीला मागे मुद्दाम ड्रम ठेवले. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, मागचे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत, आणि उघडी डिस्क न वापरता गंजते. तेव्हा नवे ते चांगले आणि जुने ते टाकाऊ, असा हिशेब यंत्रशास्त्रात चालत नाही.

पेडल मऊ की कडक?

आता रोगनिदान. मी भाच्याला तीन प्रश्न विचारले.

पहिला : "पेडल खाली गेले तेव्हा पायाला कसे लागले, कडक की मऊ?"

"मऊ! स्पंजवर पाय ठेवल्यासारखं, असं बाबा म्हणाले. दोनचारदा पंप केल्यावर थोडं लागलं. अर्ध्या तासाने गाडी निवल्यावर पुन्हा नीट झालं."

हे उत्तर फार महत्त्वाचे होते. लायनर किंवा पॅड अतिशय तापले की त्यांचा घर्षणांक घटतो. अशा वेळी पेडल कडकच राहते, पाय जोराने दाबला जातो, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाते तेव्हा दोष घर्षणात नसून दाबात असतो. दाब पोहोचत का नव्हता? द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. म्हणजे नळीत कुठेतरी वायू तयार झाला होता. गाडी निवल्यावर दोष गेला, म्हणजे तो वायू निवून पुन्हा द्रव झाला. मित्रहो, ब्रेकचे तेल उकळले होते!

दुसरा प्रश्न : "हे तेल कधी बदलले होते?"

कोणालाच ठाऊक नव्हते. आपण त्याला तेल म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. तो ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणातला पावसाळा आणि वर्षानुवर्षे न बदललेले तेल. मघाचा २२७ चा आकडा आठवा, म्हणजे उलगडा होईल.

तिसरा प्रश्न मी दाजींना विचारला, "उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती?"

दाजी जरा घुटमळले. मग म्हणाले, "न्यूट्रलमध्ये. उतारावर पेट्रोल वाचतं ना!"

ताईने कपाळावर हात मारला.

उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातली घर्षणे आणि हवा ओढण्याचे श्रम यांत ऊर्जा जिरते. तिची उष्णता रेडिएटर आणि धुराच्या नळीवाटे बाहेर जाते, आणि ब्रेक फक्त वळणापुरते लागतात. पेट्रोल वाचते हेही खरे नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी पेट्रोलचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे पेट्रोल लागतेच. आणि उतारावर इंजिन बंद करणे तर त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झाले की दोनचार दाबांत त्याची मदत संपते.

हे शहाणपण रेल्वेला फार पूर्वीपासून आहे. कसारा घाटातल्या रुळांचा चढ ३७ ला १ एवढा खडा आहे. या मार्गावर आलेली 'मगर' नावाची विजेची इंजिने उतारावर आपल्या मोटरचेच जनित्र करून वीज परत तारेत पाठवीत. आज टिटवाळ्याला थांबणारी लोकलही ब्रेक लावताना तेच करते. जी ऊर्जा आपण मोटारीत नुसती तापवून घालवतो, ती तिथे दुसऱ्या गाडीच्या कामी येते.

गॅरेजमधला निकाल

दुसऱ्या दिवशी गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. जुने तेल काढले तर काढ्यासारखे तपकिरी निघाले. मागचे ड्रम उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. लायनर पार झिजले होते आणि शू ड्रमला धड टेकतच नव्हते. म्हणजे चार चाकांचे काम पुढची दोनच करीत होती. मघाचे १५,९०,००० ज्यूल १४ किलोऐवजी ६ किलो लोखंडात जाऊ लागले तर काय होईल, ते तुम्हीच काढा. भाच्याचा मागच्या ब्रेकवरचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. फक्त ड्रम बदलायचे नव्हते, नीट ठेवायचे होते.

मिस्त्रींनी नवे लायनर आणि पॅड घातले, शू जुळवले, सगळे तेल बदलले, नळ्यांतली हवा काढली. खर्च डिस्क बसवण्याच्या अंदाजाच्या पावही झाला नाही. उरलेल्या पैशांतून दाजींनी झिजलेले चारही टायर बदलले. गणिताच्या दृष्टीने हा खर्च सर्वांत शहाणपणाचा, कारण घर्षणांक तिथेच असतो.

नंतर दिवाळीत मंडळी पुन्हा आली. भाचा दारातूनच ओरडला, "मामा, अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये! पेडल शेवटपर्यंत कडक!" त्याच्या हातात एक वही होती. तीत ब्रेकचे तेल बदलल्याची तारीख लिहिली होती आणि पुढे दोन वर्षांनंतरची तारीख.

करून पाहा

१. सुया नसलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या (इंजेक्शनच्या) घ्या. एका लवचीक नळीने जोडून पाण्याने भरा. हवा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा येऊ द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने अडवून पहिला दाबा. हेच ते मऊ पेडल!

२. खेळण्यातल्या मोटारीचा वरचा प्रयोग करा. फळीचा उतार कमीजास्त करून पाहा.

३. सायकल मोकळ्या मैदानात सावकाश चालवा. एकदा फक्त मागचा ब्रेक लावून थांबा, एकदा पुढचा अगदी हळूहळू लावून. कोणत्या वेळी कमी अंतरात थांबलात? पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. का, ते भाराचे गणित सांगेल.

सोडवून पाहा

अ) ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ९०० किलोग्रॅमच्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी ६० च्या किती पट?

आ) १६,००० किलोग्रॅमचा भरलेला ट्रक ३०० मीटर उंची उतरला, तर किती स्थितिज ऊर्जा जिरवावी लागेल?

इ) ओल्या रस्त्यावर (घर्षणांक ०.४) ताशी ३० ला गाडी थांबायला किती अंतर लागेल?

उत्तरे : अ) सव्वादोन पट. आ) सुमारे ४ कोटी ७० लाख ज्यूल. इ) सुमारे ९ मीटर.

दुसरे उत्तर मिळाल्यावर घाटाच्या तोंडाशी 'गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या' अशी पाटी का लावलेली असते, ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. आणि घरची गाडी घाट उतरत असेल तेव्हा मागच्या सीटवरून हळूच विचारा, "बाबा, गाडी गिअरमध्ये आहे ना? आणि ब्रेकचं तेल कधी बदललं होतं?"